घाटातील जड वाहतुकीसाठी नवा ट्रेलर: मॅन्युअल की एएमटी?

प्रश्न
नमस्कार. न्हावा शेवा बंदरातून पोलादाची कॉइल भरून बोर घाटमार्गे चाकणला जायचे आणि परतताना निर्यातीचा कंटेनर घेऊन उतरायचे, असा माझ्या दोन मॅन्युअल ट्रेलरचा नेहमीचा फेरा आहे. मालासह एकूण वजन ५५ टनांच्या कायदेशीर मर्यादेपर्यंत जाते. घाटात वाहनांची रांग लागली की क्लच प्लेट जळते, म्हणून तिसरी गाडी एएमटीची, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप बदलणारी, घ्यावी असे मनात आहे. मात्र माझे जुने चालक म्हणतात की भरलेल्या गाडीचा गिअर आपल्याच हातात हवा. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
एएमटीमध्ये गिअरबॉक्स आणि क्लच मॅन्युअलसारखेच असतात. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम संगणकाच्या आज्ञेवरून दाबाची हवा करते. त्यामुळे हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी रेटण्याची सवय सुटते आणि प्लेट जास्त टिकते, हे खरे. तरीही चढावर ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली, तर एएमटीचीही प्लेट जळतेच. चढताना एक अडचण मी स्वतः अनुभवली आहे: गिअर बदलताना क्षणभर ताकद तुटते आणि तेवढ्यात भरलेली गाडी वेग हरवते. म्हणून घाट लागण्यापूर्वीच एएमटीच्या मॅन्युअल मोडमध्ये, म्हणजे गिअर स्वतः निवडून, खालचा गिअर धरावा.

उत्तर २
आपला मोठा प्रश्न चढाचा नसून उताराचा आहे. खंडाळा आणि खोपोली यांच्या उंचीत सुमारे अर्ध्या किलोमीटरचा फरक आहे. ५५ टन तेवढे खाली आणताना केवळ पायाच्या ब्रेकवर विसंबले, तर ब्रेकचे लायनर (घर्षणाच्या पट्ट्या) तापून ब्रेक निकामी होतात. गाडी कोणतीही असो, खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) किंवा रिटार्डर (चाकांचे ब्रेक न वापरता वेग रोखणारे यंत्र) यांवरच उतरायला हवे. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर उतरणाऱ्या चालकांना मी कळकळीने सांगतो की ती बचतच खोटी आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की आजचे इंजिन डिझेल घेणे थांबवते, न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहण्यापुरते डिझेल जाळतच राहते. शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिन मंद फिरत असल्याने ब्रेकसाठी दाबाची हवा भरणारा कॉम्प्रेसरही मंदच चालतो, आणि वारंवार ब्रेक दाबल्यास टाकीतील हवा भरून येत नाही. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर झालेल्या अपघातांनंतर ही सवय वारंवार चर्चेत आली आहे.

उत्तर ३
मी गॅरेज चालवतो, म्हणून दुरुस्तीपुरते लिहितो. मॅन्युअल गाडी रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडेही सुरू होते. एएमटीच्या सेन्सरमध्ये किंवा हवेच्या व्हॉल्व्हमध्ये बिघाड झाला की तो शोधायला संगणकी स्कॅनर लागतो. एअर ड्रायरचे (दाबाची हवा कोरडी करणाऱ्या भागाचे) फिल्टर वेळेवर बदलले नाही, तर हवेतील ओलावा त्याच व्हॉल्व्हमध्ये जातो. आपला मार्ग मुंबई–पुणे असल्याने सर्व्हिस सेंटर फार दूर पडणार नाही, म्हणून मी एएमटीच्या बाजूने मत देईन. खाणीत किंवा चिखलात गाडी चालणार असती, तर वेगळे सांगितले असते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. खरेदीपूर्वी भरलेली गाडी घाटात चालवून दाखवण्याची मागणी करणार आहे आणि त्या फेरीला माझ्या सर्वांत जुन्या चालकालाच बसवणार आहे.