गाडीत चाइल्ड सीट बसवली, पण हलते

प्रश्न: बाळ ११ महिन्यांचं, वजन ९ किलो. मागच्या सीटवर आयसोफिक्स (चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायच्या कड्या) नाही, म्हणून सीटबेल्टने बांधलीय. वळणावर कलते. बाळाचे पट्टेही सैल वाटतात. काय चुकतंय?

उत्तर १: बहुतेक सीटबेल्टमध्ये ढील राहिलीय. चाइल्ड सीटवर हाताने जोर देऊन खालची गाडीची गादी दाबा, तेव्हाच कमरेचा पट्टा ओढा, मग खांद्याचा. चाइल्ड सीटला लॉक-क्लिप (बेल्ट घट्ट धरून ठेवणारी क्लिप) असेल तर ती बंद करा. बेल्ट जिथून जातो तिथे सीट धरून हलवा, २.५ सेंमीपेक्षा जास्त सरकायला नको. वरचं टोक थोडं हलणारच, त्याने घाबरू नका.

उत्तर २: या वयाला तोंड मागच्या काचेकडेच हवं. तसं असताना बाळाला बांधायचे खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यावेत. खांद्यावर पट्टा चिमटीत धरून पाहा. घडी पडली तर सैल आहे. जाड स्वेटर आधी काढा हो, धडकेत तो दबतो नि पट्टा ढिला पडतो. थंडी वाटली तर पट्ट्यांवरून पांघरूण.

उत्तर ३: आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड असलेली सीट कधीच नको. उघडणारी बॅग थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.