शांतारामबापूंचे सिनेमे: नुसते बघायचे की त्यावर भांडायचंही?

बाळीवेसकर
सोलापुरात आम्ही काही जण मिळून महिन्यातून एकदा व्ही. शांताराम यांचा एक सिनेमा छोट्या हॉलमध्ये दाखवतो. तिकीट नाही, प्रवेश सगळ्यांना. सिनेमा संपला की अर्धा तास चर्चा. ‘कुंकू’ झाला, ‘माणूस’ झाला, आणि आता या अर्ध्या तासावरूनच वाजलंय. काही ज्येष्ठांचं म्हणणं असं की एवढ्या मोठ्या माणसाच्या चुका काढणारे आपण कोण? आठवणी सांगा, गाणी म्हणा, चर्चा बंद करा.

मला हे मुळीच पटत नाही. ज्या माणसाने 1930 साली ‘स्वराज्याचे तोरण’ काढला आणि इंग्रजी अमलातल्या सेन्सॉरकडून नावासकट काटछाट होऊन तो ‘उदयकाल’ म्हणून बाहेर आला, त्याला प्रेक्षकाने उलट विचारलेलं खुपलं असतं का? 1937 च्या ‘कुंकू’त नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला, काकासाहेबांना, नवरा मानायलाच नकार देते. त्या काळात हा सिनेमा म्हणजे घराघरांत लावून दिलेलं भांडणच होतं. आज आपण तो बघून “काय तो काळ, काय ती माणसं” म्हणत घरी जायचं?

त्या दिवशी कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं, “काकासाहेबांनी जीव दिला म्हणून नीरा सुटली. ते हट्टाला पेटले असते तर सिनेमाकडे काय उत्तर होतं?” तेवढ्यात एक काका ताडकन उठून निघून गेले. मला तो प्रश्न त्या संध्याकाळची कमाई वाटला. तुमचं मत सांगा.

गिरणीचा भोंगा
उठून गेलेला म्हातारा मीच.

प्रश्न चुकीचा होता असं माझं म्हणणं नाही. पण ‘कुंकू’ला पार्श्वसंगीत नाही हे तुम्हीच सुरुवातीला सांगितलंत ना? पडद्यावर जे वाजतं, पडतं, फुटतं तेवढाच आवाज. भिंतीवरचं घड्याळ, आणि फुटक्या आरशातून काकासाहेबांना त्यांचीच तोंडं वेडावतात तो प्रसंग. बापूंनी मुद्दाम रिकामी ठेवलेली ती शांतता सिनेमा संपल्यावरही माणसाच्या डोक्यात चालू असते. तुम्ही काय केलंत? शेवटची चौकट जाते न जाते तोच ट्यूबलाइट लावली आणि माईक कुईं करून ओरडला, “हॅलो, हॅलो, कुणाला काही बोलायचंय का?” मालक, जेवण घशाखाली उतरायच्या आत पंगत उठवायची ही कुठली रीत?

दुसरी गोष्ट. 1937 चा सिनेमा आजच्या फूटपट्टीने मोजायचा असेल तर निदान तो पूर्ण तरी बघा. नीरेची बाजू घेणारी काकासाहेबांची सुशिक्षित मुलगी कोणी केलीय? शकुंतला परांजपे, रँग्लर परांजप्यांची कन्या. संततिनियमनाचं नावही लोक दबक्या आवाजात घेत तेव्हा त्या उघडपणे त्याचा प्रचार करत होत्या. अशी बाई त्या भूमिकेत उभी करणं हेच दिग्दर्शकाचं उत्तर. तुमच्या अर्ध्या तासात त्यांचं नाव एकदा तरी निघालं का?

बाळीवेसकर
नाही निघालं, आणि ते निघायला हवं होतं. पण काका, तुम्ही थांबला असतात तर तुमच्याच तोंडून निघालं असतं की. चर्चा त्यासाठीच आहे. जाणकार उठून गेला की मागे आमच्यासारखे अर्धवट उरतात.

पूर्व भाग
दोघांची माफी मागून वेगळंच सांगतो. भांडण माईकवरून चाललंय, पण माईक कोणाच्या हातात असतो ते कोणी बोलत नाही. दोन्ही वेळा मी मागच्या रांगेत होतो. बोलणारे तेच चौघे, भाषा व्याख्यानमालेची. आमच्या भागातून आलेल्या यंत्रमागावरच्या पोरांना घरी तेलुगू बोलायची सवय. ‘माणूस’मध्ये शांता हुबळीकर ‘कशाला उद्याची बात’ म्हणतात आणि त्यात निरनिराळ्या भाषांतली कडवी एकामागोमाग येतात, तेव्हा ती पोरं खुर्चीतून पुढे सरकली होती. चर्चेत एकही तोंड उघडलं नाही. मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या गावात त्या गाण्यावर एक वाक्य निघू नये?

माझ्या मते सुरुवातच ‘शेजारी’ने करायला हवी होती. 1941 चा. मिर्झा आणि पाटील ही जन्माची दोस्ती, धरणाच्या कामावरून तुटलेली. त्याच्या हिंदी आवृत्तीत, ‘पडोसी’त, बापूंनी मुसलमानाची भूमिका गजानन जागीरदारांना दिली आणि हिंदूची मजहर खानना. ज्या सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे 12 जानेवारी 1931 ला एकत्र फासावर गेले, तिथे हा सिनेमा लावल्यावर चर्चेला माईक लागणार नाही.

सध्या पुण्यात
एवढं सगळं बोलताय आणि ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’चं नाव नाही? शांताराम आणि सोलापूर म्हटलं की पहिला तोच. गावचा पोरगा, आणि खुद्द बापूंनी त्याची भूमिका केलेली! गावाबाहेरच्यांना कळतं ते तुम्हाला कळू नये?

कडक भाकरी
पुण्यातल्या मालकांनी शांत व्हावं. ‘कोटणीस’ यादीत आहे, पण मी तो पहिला लावायला विरोध केला. कारण सांगतो.

1938 साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून कोटणीस चीनला गेले. बाकीचे परतले, हे राहिले. तिथे क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, 1942 मध्ये मुलगा झाला, त्याच वर्षी ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले आणि 9 डिसेंबरला अपस्माराच्या झटक्याने गेले. वय अवघं 32. सिनेमा आला 1946 ला, ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून. त्यात साथीच्या रोगावरचा विजय मोठा करून दाखवलाय, आणि चिनी बायकोच्या भूमिकेत आहेत आपल्या जयश्रीबाई. आमच्या पोरांना खरे कोटणीस ठाऊक नाहीत. आधी सिनेमा दाखवला तर तेच खरं मानून बसतील. पहिल्यांदा भैय्या चौकातल्या घरी, स्मारकात न्या, मग पडदा लावा.

सध्या पुण्यात
म्हणजे सिनेमा बघायला आधी परीक्षा द्यायची का? ज्याच्यावर हा सिनेमा आहे त्याला जाऊन जेमतेम चार वर्षं झाली होती, युद्ध नुकतं संपलं होतं, देश अजून पारतंत्र्यात. अशा वेळी सोलापूरच्या एका डॉक्टरला देशभर नेला त्या माणसाने. पाठ्यपुस्तकाचं ओझं सिनेमावर कशाला? चिनी बाईच्या वेशातली जयश्री आज बघताना हसू येतं, मान्य. हसा की! हसून झाल्यावर वसंत देसाईंचं संगीतही ऐका.

कडक भाकरी
हसायला हरकत नाही. गावातल्या गावात आपण त्या घरासमोरून रोज जातो आणि आत कोणी पाऊल टाकत नाही, माझी तक्रार त्याबद्दल आहे.

सात रस्ता
तुम्ही सगळे काळ्या-पांढऱ्यातच अडकलाय. ‘पिंजरा’ लावा, बसायला जागा मिळणार नाही. मोडनिंबच्या कलाकेंद्रांचा जिल्हा आहे हा, राम कदमांची चाल सुरू झाली की चर्चावालेच पहिली शिट्टी मारतील. विद्वान लोक ‘नवरंग’पासून पुढचे बापू भडक म्हणून यादीतून काढतात, मला ते ढोंग वाटतं. आधीच्या ‘प्रभात’ कंपनीतला तेवढा शांताराम खरा आणि नंतरच्या स्वतःच्या ‘राजकमल’ स्टुडिओतला खोटा, असं कसं? रंग, कारंजी, घागरी, संध्याबाईंचे ते ताठ हावभाव, हे सगळं त्याच डोक्यातून आलंय. आवडत नसेल तर सिनेमा लावून सांगा की का आवडत नाही.

बाळीवेसकर
सात रस्त्याशी सहमत. मला स्वतःला ‘नवरंग’ पूर्ण बघवत नाही. नाच सुरू झाला की माणूस दिसेनासा होतो, नुसती सजावट उरते. पण तो लावायला हवा.

आणि ‘पिंजरा’चा विषय निघालाच आहे तर भोंगा काकांना एक विचारतो. त्यातले गुरुजी तमाशाच्या नादाने कोसळतात, गाव त्यांना मेलेले समजून पूजतं, आणि शेवटी ते स्वतःच्याच खुनाची शिक्षा निमूट घेतात. का? तर गावासमोरचा आदर्श मोडू नये म्हणून. माणूस गेला तरी चालेल, मूर्ती टिकली पाहिजे! बापूंवर चर्चा नको म्हणणारे वेगळं काय मागताहेत?

गिरणीचा भोंगा
वकिली चांगली करता. पण मी मूर्ती मागितलीच नव्हती, दहा मिनिटं गप्प बसा म्हणालो होतो. मूर्तीवाले दुसरे आहेत, त्यांच्या वाटणीच्या शिव्या मला का?

आणि गुरुजींचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. ‘पिंजरा’ बघून मी बाहेर पडलो तेव्हा मला गुरुजींचा आदर वाटला नव्हता, गावाचा राग आला होता. गुरुजी झालेल्या श्रीराम लागूंचा तो चेहरा बघा पुन्हा. बापूंनी तिथे त्याग दाखवलाय की गावाची फजिती, हे माझं अजून ठरत नाही.

पूर्व भाग
काका, हेच हॉलमध्ये बोला की! इथे लिहून काय उपयोग?

गिरणीचा भोंगा
पुढच्या वेळी ‘दो आँखें बारह हाथ’ आहे असं कळलं. येतो. कैद्यांना खुलं ठेवण्याच्या ज्या प्रयोगावरून तो सुचला ते औंध संस्थानातलं स्वतंत्रपूर आपल्यापासून काही लांब नाही, आटपाडीजवळ. त्यावर दोन शब्द सांगा, बर्लिनला मिळालेल्या बक्षिसाचं पुराण नको. सिनेमा संपला की दिवे लगेच लावायचे नाहीत, आधी चहा. माईकही नको, हॉल केवढा तो!

आणि चर्चा करायचीच हौस असेल तर प्रश्न आत्ताच देऊन ठेवतो. सहा खुनी कैदी सुधारतात, पण पळून जायची संधी आली की त्यांना जेलरचे डोळे दिसतात. तो मेल्यावरही ते डोळे आभाळात आहेतच. मग ही माणसं आतून बदलली, की बिनभिंतीच्या तुरुंगात पहारा तेवढा डोक्यात शिरला? त्या कॉलेजच्या मुलीला माझा हा प्रश्न आधी कळवा. तिचं उत्तर ऐकायला मी शेवटपर्यंत बसेन.