मदत हवी आहे: १९१३ च्या मूकपटाबद्दल कॉलेजच्या मुलांशी कसं बोलावं?

नमस्कार मंडळी. आमच्या फिल्म क्लबमध्ये 'लाइम किल्न क्लब फील्ड डे' हा अमेरिकन विनोदी मूकपट दाखवायचा आहे. १९१३ साली बायोग्राफ कंपनीसाठी चित्रित झाला, पण तेव्हा प्रदर्शित झालाच नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे त्याची निगेटिव्ह होती, तिथल्या लोकांनी ती जुळवून २०१४ मध्ये तो लोकांसमोर आणला.

प्रमुख कलाकार जवळपास सगळे कृष्णवर्णीय. नायक बर्ट विल्यम्स, नायिका ओडेसा वॉरन ग्रे. जत्रेतल्या चक्रावर बसून दोघं खुशीत फिरतात, शेवटी तो तिला दारापर्यंत सोडतो आणि दोघं चुंबन घेतात. त्या काळी पडद्यावर कृष्णवर्णीय जोडप्याचं इतकं साधं, गोड प्रेम क्वचितच दिसायचं. मला तर हा प्रसंग फार आवडतो.

अडचण अशी की स्वतः कृष्णवर्णीय असलेल्या विल्यम्सना त्यात चेहऱ्याला काळा रंग फासावा लागला आहे. बाकीचे कलाकार मात्र आपल्या स्वाभाविक चेहऱ्याने वावरतात. चेहरा काळा रंगवून कृष्णवर्णीयांची टर उडवायची रंगभूमीवरची ती अपमानास्पद प्रथा मुलांना समजायलाच हवी, पण आधीच व्याख्यान दिलं तर ती मोकळेपणाने हसणार नाहीत आणि विल्यम्सची कमाल बघायची राहून जाईल.

कुणी असे चित्रपट मुलांना दाखवले आहेत का? माहिती आधी सांगितलीत की नंतर? आणि सोबत पेटी-तबला वाजवला तर चालेल का, की विजोड वाटेल?