अर्ज सगळ्यांचे, तोंड एकच?

टंकलेखक_सातारा: कोर्टाबाहेर बसून अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाईप करतो. पाटणकडचे एक आबा बांधाच्या भांडणाचं घेऊन आले. प्रत्येक वाक्य स्वतःच खोडायचे. "त्यानं दगूड हलवला. हलवला म्हंजे सरकवला. सरकवला म्हंजे पोरानं सरकवला, त्यो नुसता हुबा व्हता." माझ्या कागदावर उतरलं, "सामनेवाले यांनी सदरहू हद्दीची खूण बेकायदेशीररीत्या हलविली." वाचून दाखवलं तर म्हणाले, "ब्येस. पर ह्ये म्या कवा म्हनलं?"
ही लकब नुसती गावाकडची, की ज्याची त्याची असते? आणि कागदावरून पुसली तर काय बिघडतं?

बेदाणा_तासगाव: "त्यो", "हुबा" अख्ख्या मुलखाचं, ते सोडा. बोललेलं "म्हंजे" लावून परत दुरुस्त करणं मात्र आबांचं स्वतःचं. आम्ही दोघं भाऊ एकाच घरात वाढलो. मी आधी भाव सांगतो. थोरला सौदा कितीला सुटला हे सांगायला छाटणीपासून सुरुवात करतो, आणि मध्येच "ऐक की आता" म्हणून थांबला की समजायचं, पैसे मागणार!

वकील_मिरज: बिघडतं. इंग्लंडमध्ये डेरेक बेंटलीला पोलिसाच्या खुनाच्या खटल्यात 1953 साली फाशी झाली. जबाब त्यानं आपणहून सांगितला, आम्ही नुसता उतरवला, असं पोलीस म्हणत होते. पुढे माल्कम कूल्टहार्ड या भाषातज्ज्ञानं तो तपासला. साधा माणूस इंग्रजीत बोलताना बहुतेकदा "मग मी" म्हणतो, जबाबात मात्र "मी मग" अशी उलटी मांडणी पुन्हा पुन्हा होती. ती सवय पोलिसी कागदांची. 1998 साली दोषसिद्धी रद्द झाली. (मुख्य कारण न्यायाधीशांनी ज्युरीला केलेलं मार्गदर्शन. एका "मग"वर खटला फिरला असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका.)
तुमच्या प्रतिज्ञापत्राखाली सही आबांची असते. उलटतपासात "पोरानं" बाहेर आलं की संपलं. मायना तुमचा राहू द्या, घडलेलं त्यांच्या क्रमानं लिहा.

टंकलेखक_सातारा: पोराचं घातलं. आता म्हणतात, "पोरानं म्हंजे पुतन्यानं."

बेदाणा_तासगाव: पण वकीलसाहेब, एवढ्याशा कागदावरून माणूस ओळखता येतो?

वकील_मिरज: एकट्या कागदावरून नाही. तुलनेला दुसरा मजकूर लागतो. कूल्टहार्डनंही पोलिसांचे आणि साध्या साक्षीदारांचे जबाब शेजारी ठेवूनच मोजणी केली होती.