नव्या रायफलला स्क्रू ड्रायव्हर लावावा की नाही?

नवा_नेम (धागाकर्ता)

स्प्रिंगवाली ब्रेक-बॅरल (नळी सांध्यात वाकवून स्प्रिंग चढवायची) एअर रायफल, ४.५ मिमी, नवी कोरी. पहिल्या दिवशी १० मीटरवरून पाच छर्रे मारले, पाचही भोकं अंगठ्याच्या नखाखाली झाकली जात होती. आतापर्यंत ऐंशीएक छर्रे झाले असतील. नेम तोच, छर्रा तोच, पण भोकं कागदभर. एक वर, दोन डावीकडे, चौथं कुठे पडलं ते शोधावं लागतं.

आज पुसताना दस्त्याच्या पुढचा डावा स्क्रू नुसत्या बोटाने फिरला. चांगला पाव आटा! विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे, "हात लावू नका, वॉरंटी जाईल." मला हे पटत नाही. स्क्रू आवळणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. नव्या सायकलचा ब्रेक सैल वाटला तर आपण तो आवळतोच की. तुमचं काय मत?

पक्कड

आवळा. बिनधास्त आवळा. स्प्रिंगच्या रायफलीचा झटका दुहेरी असतो. हवा दाबणारा पिस्टन पुढे सुटला की रायफल मागे ढकलली जाते, आणि पिस्टन पुढे जाऊन आदळला की रायफलीला पुढे हिसका बसतो. हे दोन्ही छर्रा मारताना दरवेळी होतं. असले हिसके खाऊन स्क्रू सैल नाही झाला तरच नवल. लाकडी दस्ता असेल तर नवं लाकूड स्क्रूखाली थोडं दबतंही, म्हणजे सुरुवातीला दोन-तीनदा आवळावंच लागतं.

फक्त बेताने. जोर लावून पिळलंत आणि आटे गेले, तर मग खरंच दुरुस्तीला न्यावी लागेल.

शिस्तप्रिय

पूर्ण असहमत. सायकलची उपमा इथे गैरलागू आहे. ऐंशी छर्‍यांत स्क्रू सैल होत असेल तर तो बनवणाऱ्याचा दोष आहे, आणि दोष ज्याचा त्यानेच निस्तरावा. तुम्ही आज स्क्रू आवळाल, उद्या "जरा ट्रिगर हलका करतो" म्हणाल, परवा आतली स्प्रिंग बघायची खाज सुटेल. स्प्रिंग साधनाशिवाय सोडवली तर ती तोंडावर येते, हे सांगायला नको. आपल्याकडे प्रत्येकाला आपण मेकॅनिक आहोत असं वाटतं. फोटो काढा, लेखी कळवा, रायफल परत करा.

जुनं_खोड

दोघंही स्क्रूच्या मागे लागलात. धागाकर्त्याने रायफल धरली कशी होती हे कुणी विचारलं का?

नवा माणूस पहिल्या दिवशी जपून, हलक्या हाताने धरतो. तिसऱ्या दिवशी धीटपणा येतो आणि पुढचा हात दस्ता आवळायला लागतो. स्प्रिंगवालीला ते चालत नाही. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच ती हलायला लागते, म्हणून दरवेळी तिला सारखंच हलू द्यायचं. तळहात उघडा, दस्ता त्यावर नुसता टेकलेला, आणि रोज त्याच जागी. मुठीत धरलीत की भोकं पसरलीच.

आणि सुरुवातीला धूर येत होता का? कारखान्यातलं तेल पिस्टनपुढे दाबून पेटतं, छर्‍याचा वेग कमी-जास्त होतो. ते जळून जाईपर्यंत रायफलीला नावं ठेवू नयेत.

नवा_नेम

धूर पहिले वीसेक छर्रे होता, आवाजही फटाक्यासारखा. आता दोन्ही नाही. हाताचं म्हणाल तर... कबूल, आवळत असेन. पण म्हणून स्क्रू माझ्या हाताने सैल झाला असं तर नाही ना!

पक्कड

@जुनं_खोड, मुद्दा बरोबर, पण सैल दस्त्यावर धरण्याचा सराव करणं म्हणजे डगमगत्या पाटावर बसून अक्षर सुधारणं.

धागाकर्ते, नळीच्या सांध्याचा वॉशरही बघा. नळी बंद करून सांध्यावर टिश्यू पेपरचा तुकडा ठेवा आणि छर्रा मारा. कागद उडाला तर तिथून हवा गळतेय. छर्रा न घालता मारू नका. पुढे अडणारी हवा नसली की पिस्टन थेट आदळतो. आणि नळी खाली वाकवून उघडलेली असताना तिची पकड सोडू नका. चुकून चाप सुटला तर नळी फटकन वर येते आणि बोटं सांध्यात सापडतात. ही गंमत नाही.

फूटपट्टी

स्कोप (नेमाची दुर्बीण) लावलाय का? कुणीच विचारलं नाही. स्कोप काढा आणि साध्या साइटवरून पाच छर्रे मारा. भोकं जवळ पडली तर रायफल निर्दोष, गडबड स्कोपमध्ये किंवा त्याला रायफलीवर धरणाऱ्या माउंटमध्ये. पसरली तर दस्ता, वॉशर, हात. काहीही आवळायच्या आधी हे करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही.

नवा_नेम

उशीर झाला, स्क्रू आवळून बसलो होतो. चारही, थोडे थोडे, आळीपाळीने. फरक पडला, पण पहिल्या दिवसाची गोष्ट नाही. टिश्यू हलला नाही.

मग स्कोप काढायला घेतला आणि माउंटच्या पुढे, तो अडकतो त्या खाचेवर दीड-दोन मिलिमीटरचा चकचकीत ओरखडा दिसला. काळा रंग खरवडून खालचं धातू उघडं पडलंय. म्हणजे माउंट छर्‍यागणिक मागे सरकत होता. साध्या साइटवरून पाच मारले, पाचही पुन्हा नखाखाली.

पक्कड

हाच तो पुढचा हिसका. रायफल पुढे उडी मारते, स्कोप जागच्या जागी राहू बघतो, म्हणून तो मागे सरकतो. रायफलीच्या पाठीवर एक छोटं भोक असेल, त्यात उतरणाऱ्या पिनेचा माउंट घ्या. नुसतं आवळत बसलात तर स्कोपची नळी चेपेल. स्कोपही एअर रायफलसाठीचाच हवा, दुसरे या उलट्या हिसक्याने आतून खिळखिळे होतात.

जुनं_खोड

पाच नखाखाली, म्हणजे हातही बरा आहे. मागे घेतो. अर्धंच.

शिस्तप्रिय

छान. म्हणजे बिनपिनेचा माउंट स्प्रिंगच्या रायफलीसोबत विकला, आणि नवा तुम्ही स्वतःच्या खिशातून घेणार. स्क्रू आवळलात ते आवळलात, तो जाऊ दे. त्या ओरखड्याचा फोटो काढलात की नाही, तेवढं सांगा.