थोडंसंच ओव्हरक्लॉक करायचंय, सासूबाईंची झोप न मोडता. कुठले पार्ट घेऊ?

गिरगावकरीण

नमस्कार मंडळी. घर गिरगावात, चाळीतली दीड खोली. त्यातल्या अर्ध्या खोलीत माझं ऑफिस, म्हणजे खिडकीला लावलेलं टेबल आणि त्याखाली २०१७ सालचा चार कोरांचा कंप्युटर. टेबलापासून चार फुटांवर सासूबाईंची कॉट. मी छोट्या कंत्राटदारांसाठी किचन-बेडरूमची ड्रॉइंग करते आणि गिऱ्हाइकाला दाखवायला ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर, म्हणजे फोटोसारखं चित्र, काढून देते. दिवस साइटवर जातो, म्हणजे रेंडर लावायचा तो रात्री साडेदहानंतर. सध्या एका किचनला ३ तास २० मिनिटं लागतात. ग्राफिक कार्ड आहे, १६६० सुपर, पण त्याची मेमरी ६ जीबी. पडदे, जाळ्या, भांडी सगळं टाकलं की सीन त्यात मावत नाही, मग सगळा भार प्रोसेसरवर.

आता नवीन मशीन घ्यायचंय. कार्ड आणि मॉनिटर जुनाच ठेवून ८० हजारांपर्यंत. भाचा म्हणतो, "मावशी, थोडं ओव्हरक्लॉक कर, म्हणजे प्रोसेसर ठरल्या वेगापेक्षा जोरात पळव, फुकटचा स्पीड मिळतो." फुकट म्हटल्यावर मी कान टवकारले.

लॅमिंग्टन रोड घरापासून चालत पंधरा मिनिटं. तीन दुकानं फिरले, तीन तऱ्हा झाल्या. पहिल्याने १४६००के प्रोसेसर, बी७६० बोर्ड आणि वर लिक्विड कूलर लिहून दिला. दुसऱ्याने रायझन ५ ७६०० आणि ए६२० बोर्ड. तिसऱ्याने आधी विचारलं, "मॅडम, गेमिंग की ऑफिस?" तिसरं काही नसतंच का हो या जगात?

अडचणी दोन. एसी नाही, मे महिन्यात रात्री अकरा वाजता टेबलावरचं थर्मामीटर ३२ दाखवतं. आणि आवाज. शिवाय एक जुनं दुखणं: आधीच्या मशीनमध्ये कॅबिनेटसोबत "फ्री" आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) होता, तो एका रात्री फट्कन आवाज करून गेला आणि मदरबोर्डला सोबत घेऊन गेला. खोलीत जळक्या रबराचा वास, सासूबाई उठून बसलेल्या. त्यामुळे यंदा धाडस बेताचंच करायचंय. जाणकारांनी सांगा.

पिनबी२१

ताई, भाच्याचं "फुकट" आमच्या काळातलं आहे. १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए आला. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा, मदरबोर्डच्या मूळ ठोक्याचा, वेग गुणिले गुणक. त्याचा गुणक साडेचारला कुलूपबंद, पण बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा थेट ४५०. दीडपट! माझा बोर्ड बस आपणहून ओळखायचा, तर त्याला फसवायला प्रोसेसरच्या बी२१ नंबरच्या पिनेवर सेलोटेपची सुतासारखी पट्टी चिकटवली होती, भिंगाखाली, चिमट्याने. तीन वेळा चुकली. चौथ्यांदा स्क्रीनवर ४५० उमटलं तेव्हा आईला झोपेतून उठवून दाखवलं. ती म्हणाली, "बरं, आता झोप."

हल्ली कंपनीच सगळा रस काढून विकते. प्रोसेसर स्वतःच गरजेप्रमाणे वर जातो, थंडावा आणि वीज मिळेल तितका. आपल्या हातात उरतात ते पाच-सात टक्के. त्याच्यासाठी लिक्विड कूलर घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मिलिव्होल्ट

काकांना अनुमोदन. आता तुमच्या तीन दुकानांकडे वळू.

पहिलं कोटेशन आधी फाडून टाका. इंटेलमध्ये गुणक खुला असतो तो नावात "के" असलेल्या प्रोसेसरचा, पण तो वापरायला बोर्ड झेड मालिकेचा लागतो. बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा गुणक नाही. म्हणजे "के"चे जादा पैसे भरायचे आणि कुलूप तसंच. शिवाय १३व्या-१४व्या पिढीत जादा व्होल्टेजमुळे प्रोसेसर खराब होण्याचं प्रकरण झालं होतं. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. घेतलाच तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करूनच वापरायचा. पण तुमच्या खोलीत मी तो घेणारच नाही, कारण पूर्ण भारावर तो खूप वीज खातो आणि ती सगळी उष्णता सासूबाईंच्या कॉटकडे जाणार.

दुसरं कोटेशन बरं, बोर्ड चुकीचा. ए६२० वर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग अधिकृतपणे बंद आहे. बी६५० घ्या, आणि घेताना व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरशेजारच्या वीजपुरवठ्याच्या भागावर, हीटसिंक आहे ना ते बघा. काही स्वस्त बोर्डांवर तो भाग उघडाच असतो.

आता मुख्य मुद्दा. रेंडरिंगसाठी ७६०० चे सहा कोर ओढूनताणून पाच टक्के वाढवण्यापेक्षा रायझन ७ ७७०० घ्या. आठ कोर, सोळा थ्रेड. दोन्ही ६५ वॅटचे म्हणून विकतात, प्रत्यक्षात दोघांनाही ८८ वॅटची मर्यादा आहे. तेवढ्याच विजेत, तेवढ्याच उष्णतेत रेंडर ३० टक्क्यांच्या आसपास जलद. कुठल्याही ओव्हरक्लॉकने हे मिळत नाही.

रॅम: डीडीआर५ ६०००, १६ जीबीच्या दोनच पट्ट्या. "आत्ता दोन, पुढे दोन टाकू" असं ठरवू नका; चार पट्ट्यांवर एएमडीची अधिकृत हमी फक्त ३६०० ची आहे. ६४ हवी असेल तर आत्ताच ३२ च्या दोन. बायोसमध्ये एक्स्पो नावाचं बटण चालू करायचं, नाहीतर रॅम आपली ४८०० वर रेंगाळत बसते. आणि पहिलं काम बायोस अपडेट. २०२३ च्या एप्रिलमध्ये काही ७००० मालिकेचे प्रोसेसर जळले होते, त्यानंतर एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाच्या) १.३ व्होल्टची मर्यादा घातली गेली. गोदामात पडून राहिलेल्या बोर्डात त्याच्या आधीचा बायोस असू शकतो.

ओव्हरक्लॉक म्हणाल तर उलट्या दिशेने करा. कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय आहे, तिथे आकडा उणे ठेवायचा. त्याच वेगाला प्रोसेसर कमी व्होल्टेज मागतो; ८८ वॅटची मर्यादा तीच राहते, मग वाचलेल्या विजेत तो थोडा वर चढतो. थंडही राहतो.

खोलीबद्दल. कूलर खोलीपेक्षा थंड काही करू शकत नाही, तो फक्त खोली आणि प्रोसेसर यांच्यातला फरक सांभाळतो. यूट्यूबवाला २१ अंशाच्या एसीत ७० दाखवत असेल, तर तुमच्याकडे ३२ ला तेच ८१ समजा. म्हणून पैसे समोर जाळी असलेल्या कॅबिनेटवर आणि १२० मिलिमीटर पंख्याच्या उंच एअर कूलरवर घाला. समोर काच असलेला देखणा डबा घेऊ नका, तो बंद कपाटच असतो.

खवचट_पण_खरं

८० हजारांतले निम्मे कार्डावर घाला की. ब्लेंडरचं सायकल्स हे रेंडर इंजिन आरटीएक्स कार्डावर ऑप्टिक्सने, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डांसाठीच्या सोयीने, चालवलं की तुमचे आठही कोर बघत बसतील. १२ जीबीचं ३०६० जरी मिळालं तरी सीन मावेल. प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून रेंडर वाचवणं म्हणजे गळक्या बादलीला रंग देणं.

गिरगावकरीण

@खवचट: पटलं, आणि दुखलं. पण बोर्ड-प्रोसेसर नऊ वर्षांपूर्वीचे, त्यावर नवीन कार्ड लावायला जीव होत नाही. शिवाय जुनं ३०६० म्हटलं की ते क्रिप्टो-मायनिंगमध्ये किती राबलंय ते कोण सांगणार? लिक्विड कूलरचे वाचतील ते कार्डाच्या डब्यात टाकते. दिवाळीला बघू.

अजून एक राहिलं. जुन्या मशीनच्या कॅबिनेटला अनवाणी असताना हात लागला की बारीक झिणझिण्या येतात. नवऱ्याचं म्हणणं, "स्लिपर घालून बस." नवीन मशीनलाही तेच होईल का?

टेस्टरपाकीट

होणार, आणि हे सगळ्यात आधी करा. व्यवसायाने वायरमन आहे, तुमच्या भागातल्या बऱ्याच चाळींतून फिरलोय. जुन्या वायरिंगमध्ये प्लगला तिसरं भोक असतं, पण मागे वायरच नसते. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात, गडबडीचे सिग्नल अर्थिंगला घालवायला. अर्थिंगच नसेल तर ते दोघं मिळून बॉडीवर २३० च्या साधारण निम्मं व्होल्टेज उभं करतात. करंट अगदी किरकोळ, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या आत खरंच काही बिघडून फेज बॉडीला लागला, तर तो जमिनीत जायला वाट हवी, नाहीतर ती वाट तुमच्यातून.

कोणी "न्यूट्रललाच अर्थिंगची वायर जोडून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. न्यूट्रल कुठे तुटला तर अख्खी कॅबिनेट २३० ची होते. मीटरपाशी खरी अर्थिंग आहे का ते मोजून घ्या, तिथून टेबलापर्यंत स्वतंत्र हिरवी वायर ओढा आणि सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. हे स्वतः करू नका.

एसएमपीएसबद्दल: त्यावरची ब्राँझ-गोल्ड ही पट्टी वीज किती वाया जाते ते सांगते, आतला माल किती टिकेल ते सांगत नाही. वॉरंटीची वर्षं बघा. आणि बिल पक्कं घ्या, त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर. १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर घेतलेला माल दुकानदार दुसऱ्या दिवशी ओळखत नाही.

गिरगावकरीण

पाच आठवड्यांनी येतेय, माफ करा. गणपतीची गडबड.

आधी वायरमन आला. मीटरपाशी अर्थिंग होती, आमच्या खोलीपर्यंत पोचली नव्हती. कॉमन पॅसेजमधून हिरवी वायर ओढायला शेजाऱ्यांच्या परवानग्या मिळवणं हे या प्रकल्पातलं सगळ्यात अवघड ओव्हरक्लॉकिंग होतं. झिणझिण्या गेल्या. नवऱ्याच्या स्लिपरही गेल्या, पण त्या उंदराने नेल्या.

घेतलं ते असं: ७७००, हीटसिंकवाला बी६५० बोर्ड, १६ च्या दोन पट्ट्या, ६५० वॅटचा गोल्ड एसएमपीएस सात वर्षांच्या वॉरंटीचा, समोर जाळीची कॅबिनेट, एका पंख्याचा उंच कूलर. रॅमचा भाव दुकानदाराने सकाळी एक सांगितला आणि संध्याकाळी दुसरा, तरीही ८० च्या आत बसलं.

पहिल्यांदा बटण दाबलं तर पंखे फिरले आणि स्क्रीन काळी. एक मिनिट, दोन मिनिटं. पोटात गोळा. प्लग काढणार तेवढ्यात भाच्याचा फोन, "मावशी हात लावू नकोस, रॅमची ओळखपरेड चाललीय." डीडीआर५ पहिल्या वेळी असा वेळ घेते हे दुकानात कोणीच सांगितलं नव्हतं. चौथ्या मिनिटाला बायोस उगवला.

तेच किचन काहीही न छेडता ३८ मिनिटांत. मी दोनदा घड्याळ बघितलं.

मग हात शिवशिवले. पीबीओने, म्हणजे बायोसमधल्या ओव्हरक्लॉकच्या सोयीने, वीजमर्यादा उठवली. बायोसने वॉरंटीबद्दल लांबलचक ताकीद दिली, ती वाचल्यासारखं करून पुढे गेले. ३५ मिनिटं झाली, तापमान ९५ ला टेकलं आणि पंखा असा काही ओरडला की सासूबाई अंधारातून म्हणाल्या, "एवढ्या रात्री मिक्सर कशाला लावलायस?" तीन मिनिटांसाठी मिक्सर परवडत नाही. मर्यादा परत ८८.

मग मिलिव्होल्ट म्हणाले तसं उणे कर्व्ह. भाच्याने थेट उणे ३० टाकलं. तीन तास सिनेबेंच ही चाचणी आणि रेंडर चालवलं, मशीन हूं की चूं नाही. आम्ही पेढे खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर "टाइल्सचा रंग फायनल का?" एवढं टाइप करत होते आणि मशीन गपकन बंद. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईएचे, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांचे, लाल शेरे. हे काय गौडबंगाल? पूर्ण भारावर टिकतं आणि टाइप करताना पडतं?

मिलिव्होल्ट

गौडबंगाल नाही, नेहमीचं आहे. पूर्ण भारावर सगळे कोर ८८ वॅट वाटून घेतात, त्यामुळे फार वर जात नाहीत. हलक्या कामात एखादाच कोर सव्वापाच गिगाहर्ट्झच्या वर उडी मारतो, आणि तिथे तुम्ही त्याचं व्होल्टेज कापून ठेवलंय. सगळे कोर सारखे नसतात, एखादा कमकुवत निघतो. उणे १५ करा. आणि चाचणी म्हणजे नुसतं रेंडर नव्हे: चार दिवस नेहमीचं काम, रात्री स्लीप, सकाळी उठवणं. रॅमसाठी एक रात्र मेमटेस्ट, त्यात एकही चूक चालत नाही.

गिरगावकरीण

उणे १५ वर अकरा दिवस झाले, एकदाही पडलं नाही. मेमटेस्ट साफ. किचन साडेछत्तीस मिनिटांत. रात्री ३१ अंशाच्या खोलीत तापमान ७४ च्या वर जात नाही आणि आवाज छताच्या पंख्याखाली दबतो. सासूबाईंनी कालच विचारलं, "तो नवीन आणलेला अजून सुरू नाही का केलास?"

भाचा मात्र रुसलाय. त्याला ५.५ गिगाहर्ट्झचा आकडा मित्रांना दाखवायचा होता.

@खवचट: कार्डाच्या डब्यात नऊ हजार जमलेत.

जाता जाता: प्रोसेसरसोबत आलेला रंगीत दिव्यांचा कूलर तसाच पडून आहे. चाळीतली मुलं विचारतायत की माघी गणपतीला मूर्तीमागे प्रभावळ म्हणून फिरवता येईल का. १२ व्होल्ट लागतात एवढं मला माहितीय. @टेस्टरपाकीट, जुन्या राउटरचा अडॅप्टर चालेल?

टेस्टरपाकीट

अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलं असेल तर पंखा फिरेल. दिव्यांचं मला विचारू नका. पात्यांवर जाळी लावा, मुलं बोटं घालतात.