स्टुअर्ट गेला म्हणून सीझन संपला नाही

(२०२३-२४ च्या आयएसएल फुटबॉल सीझनच्या मध्यावरची पोस्ट.) फॅन ग्रुपवर एकाने लिहिलंय की आपला प्लेयर ग्रेग स्टुअर्ट क्लब सोडून गेला, आता मुंबई सिटी टीमचं काही खरं नाही. दुःख मलाही झालं राव, पण गेल्या समरला फॉल आणि जाहू हे दोघं प्लेयर ओडिशाच्या टीमला गेले, मग ऐन नोव्हेंबरमध्ये कोच डेस बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड क्लबला निघून गेला, एवढं होऊनही टीम उभी आहे ना. नवीन कोच क्रातकीला जरा वेळ द्या की. डिसेंबरमध्ये अंधेरीत मोहन बागानला २-१ हरवलं तेव्हा दोन्हीकडची मिळून सात रेड कार्डं निघाली, त्यात आपलीच चार (ती मॅच होती की कुस्ती देव जाणे), मग पुढे सस्पेन्शनमुळे टीम लावताना बोंब होणारच.

मला खरी चिंता मिडफिल्डची आहे. आपुइया पळतोय, बॉल काढून घेतोय, सगळं करतोय, पण शेवटचा पास देणार कोण? सारखं विंगर छांगतेला बॉल द्यायचा आणि बघत बसायचं हे आता सगळ्यांना कळलंय, दोन डिफेंडर लावले की तो अडकतो आणि स्ट्रायकर डियाझ पुढे एकटाच हात वर करून उभा. विक्रम प्रतापला रोज स्टार्ट द्या, पोरगं बिनधास्त आत घुसतं. नवीन आलेला स्ट्रायकर वॉयतुश सेट व्हायच्या आधीच त्याला शिव्या घालू नका प्लीज.